क्लीनर नसलेली गाडी

आमच्या वाड्यामागं कडुलिंबाखाली एक विलीज जीप उभी आहे. ‘उभी’ हे आपलं म्हणायचं. पुढून ती उभी आहे, मागून बसली आहे आणि डावीकडचा पाटा तुटल्यापासून त्या अंगाला लवंडली आहे, पंगत उठल्यावर पाहुणे लवंडतात तशी. बॉनेटवर शेळ्यांच्या दोन पिढ्या चढून उतरल्या. मागच्या बाकावर मांजर चार वेळा बाळंत झाली. दर दिवाळीला भंगारवाला येतो, जीपभोवती एक चक्कर मारतो, डोळ्यांनीच वजन करतो आणि भाव सांगतो. दरवर्षी भाव वाढतो आणि वजन कमी होतं.

तीर्थपुरीचं भंगार जालन्याला जातं. जालन्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत. तिथं ते वितळतं, त्याच्या सळया होतात आणि त्या सळया कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतात. त्यामुळं आमच्या सौ.चं म्हणणं अगदी सरळ आहे. “एवढा जीव आहे ना जीपवर? मग तिच्या सळया करून आणा, स्वयंपाकघरावर स्लॅब टाकू. घरातच राहील की ती!” या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. स्वयंपाकघरही अजून पत्र्याचंच आहे.

जीप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघत, हात बदलत बदलत गावोगाव पोचत. तशी ही अण्णांना औरंगाबादला मिळाली. ओहायोतल्या टोलेडो गावची पैदास, सव्वादोन लिटरच्या आतबाहेरचं पेट्रोल इंजिन, साठ घोड्यांची ताकद. अण्णांच्या मते ती ब्रह्मदेशाच्या लढाईत होती. मी चौथीत होतो तेव्हा ती फक्त रंगूनपर्यंत गेली होती. मी मॅट्रिक झालो तोवर ती इंफाळहून जपान्यांचा पाठलाग करत निघाली होती. माझ्या लग्नात तर अण्णांनी व्याह्यांना सांगितलं की हिच्या पुढच्या सीटवर खुद्द जनरल बसायचा. अण्णा आणखी दहा वर्षं जगते, तर दुसरं महायुद्ध एकट्या या जीपनं जिंकलं असतं.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतं. समाज दुरुस्त करायचा प्रयत्न मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत केला होता, त्याचा अनुभव ताजा होता. म्हणून जीप घेतली. ट्रॅक्टरला दोर बांधून ती मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत ओढली. गॅरेज म्हणजे रस्त्याच्या कडेला चार पत्रे, एक वेल्डिंग मशीन, आणि ऑइल पिऊन पिऊन इतकी काळी झालेली जमीन की पाऊस पडला तर पाणी वरच्या वर घसरून शेजाऱ्याच्या दुकानात जातं. मिस्त्रींचे वडील अण्णांच्या काळात हीच जीप बघायचे. त्यामुळं मिस्त्रींनी तिच्याकडं गाडी म्हणून पाहिलंच नाही, माहेरपणाला आलेल्या आत्याकडं पाहावं तसं पाहिलं. “लई खराब झाली सर,” एवढं म्हणून त्यांनी टायरवर लाथ मारली. टायर हलला नाही, मडगार्ड पडलं.

तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. भाचा इंडियानापोलिसला असतो. आमच्याकडं दिवेलागण, त्याच्याकडं सकाळचे दहा. “मामा, तुम्ही जुन्या गाडीचं करताय ना? मग ही बघा!” म्हणून त्यानं कॅमेरा फिरवला. तो तिथल्या मोटार शर्यतीच्या मैदानातल्या म्युझियममध्ये होता आणि समोर एक पिवळीधमक गाडी होती. लांबुडकी, मागं शेपटाकडं निमुळती होत गेलेली, कुशीवर ३२ आकडा. नाव मार्मन वॉस्प. वॉस्प म्हणजे गांधीलमाशी.

“इंडियानापोलिस ५०० ही जी शर्यत आहे ना मामा, ती पहिल्यांदा झाली ३० मे १९११ला. तेव्हा हीच जिंकली. चालवणारा रे हॅरून.”

मिस्त्री माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होते. “किती लांब गेला?”

“पाचशे मैल. अडीच मैलांचं चक्र, त्याच्या दोनशे फेऱ्या.”

“म्हणजे जिथून निघाला तिथंच आला?”

“हो.”

“मंग गेला कुठं?”

भाच्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. शर्यत या गोष्टीकडं असं कुणी पाहू शकतं हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. मी मध्ये पडून हिशोब मांडला. पाचशे मैल म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर, म्हणजे जालन्याहून मुंबईला जाऊन परत. हॅरूनला लागले ६ तास ४२ मिनिटं, सरासरी ताशी ७४.६ मैल. किलोमीटरमध्ये १२०. समृद्धी महामार्गावर मोटारीला आज जी वेगमर्यादा आहे, बरोबर तीच. फरक इतकाच की समृद्धी काँक्रीटचा आहे आणि ते मैदान विटांचं होतं. १९०९मध्ये तिथं ३२ लाख विटा बसवल्या. आता त्यातला वारभर रुंद पट्टा तेवढा आरंभरेषेवर उघडा ठेवलाय आणि जिंकणारे गुडघे टेकून त्या विटांचा मुका घेतात. हे ऐकून मिस्त्रींनी पहिल्यांदा समजूतदार मान हलवली. विटेपुढं डोकं टेकवण्यात आपल्या माणसाला काही वावगं वाटत नाही. त्यात हॅरूननं सुरुवात केली होती चाळीस गाड्यांत अठ्ठाविसाव्या जागेवरून. वीट आणि अठ्ठावीस! मला तर हा पठ्ठ्या पंढरपूरचाच वाटायला लागला.

“पण सर,” मिस्त्री म्हणाले, “याला सीट एकच दिसती.”

खरी गंमत तिथंच होती. त्या काळी शर्यतीच्या गाडीत दोघं बसत. एक चालवणारा आणि शेजारी एक मिस्त्री. मिस्त्रीनं तेलाचा दाब बघायचा, पंप मारायचा आणि मागून कोण येतंय ते मान वळवून सांगायचं. हॅरूननं वजन वाचवायला मिस्त्रीच काढून टाकला, गाडी एका माणसापुरती अरुंद केली. बाकीच्यांनी तक्रार केली की याला मागचं दिसणार कसं, हा आमच्या जिवावर उठलाय. तेव्हा हॅरूननं स्वतःच्या नाकापुढं चार दांड्या उभ्या करून त्यावर एक आरसा बसवला. असा आरसा त्यानं पूर्वी शिकागोत एका घोडागाडीला पाहिला होता. शर्यतीच्या मोटारीवरचा पहिला आरसा म्हणून तो आज जगभर नावाजलेला आहे.

“मिस्त्रीला खाली उतरवलं?” आमच्या मिस्त्रींना आरशाशी काही देणंघेणं नव्हतं. “आन् त्याच्या जागी आरसा?”

“हो ना. पण पुढं हॅरूननंच कबूल केलं, की विटांवरून गाडी इतकी हादरायची की आरशात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.”

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. “बघा,” ते फोनकडं बोट करून म्हणाले, “क्लीनर न्हाई तर गाडी न्हाई. आरसा केस विंचरायला.” आमच्या भागातल्या कुठल्याही काळीपिवळी जीपला विचारा, ती याला दुजोरा देईल. आरसा ड्रायव्हरच्या कंगव्यासाठी आणि मागचं जग क्लीनरच्या भरवशावर. तो मागच्या पायरीवर एका पायावर लोंबकळत “चालू द्या, चालू द्या!” म्हणतो, म्हणजे मागं कुणी नाही, किंवा असलंच तर ते थांबेल.

भाच्यानं मग गाडी बनवणाऱ्यांची माहिती सांगितली आणि मला खुर्चीतून उठावं लागलं. ही गाडी केली नॉर्डाइक अँड मार्मन कंपनीनं. त्यांचा मूळ धंदा मोटारीचा नव्हताच. ते पिठाच्या गिरण्यांची यंत्रं बनवत! त्या घरातल्या हॉवर्ड मार्मनला मोटारींचा नाद लागला आणि गिरणीच्या कारखान्यातून गांधीलमाशी बाहेर पडली.

आमच्याकडं हे उलट्या बाजूनं झालं होतं. १९७२चा दुष्काळ. विहिरींनी तळ दाखवलेला, वीज असून नसल्यासारखी, रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. ती शिजवली तर रबर, भाजली तर वाळू. दळायलाच हवी आणि गिरणी बंद. अण्णांनी जीप गिरणीच्या दाराशी लावली, मागचं एक चाक जॅकवर उचललं, रिमवर पट्टा चढवला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. डिफ्रन्शलचा नियमच असा आहे की एक चाक जमिनीला चिकटून बसलं की सगळी फिरक दुसऱ्या चाकाला मिळते, तीही दुपटीनं. एकत्र कुटुंबातही असंच होतं. गिरणी घरघरायला लागली. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा चालू पेट्रोलवर करून मग रॉकेलवर सोडायची. अख्ख्या वेटाळाच्या घरांत त्या भाकरीला रॉकेलचा वास असायचा, पण नाव ठेवायला कुणाच्या तोंडात जागा नव्हती. अमेरिकन ज्वारी, दळणारी अमेरिकन जीप. मधे तेवढं दगडाचं जातं आपलं.

त्यामुळं मार्मन मंडळींविषयी मला एकदम सोयरिकीचं प्रेम वाटायला लागलं. त्यांनी गिरणीची मोटार केली, अण्णांनी मोटारीची गिरणी. शर्यत काय, कुणीही जिंकेल.

कॉल संपल्यावर मी रात्रभर जुन्या शर्यतीच्या गाड्या नीट करण्याविषयी वाचत बसलो. या कामात एक मोठी अडचण आहे आणि ती मला फार आवडली. साधी मोटार कारखान्यातून जशी निघाली तशी करायची म्हटलं की झालं. पण शर्यतीची गाडी तशी कधी राहतच नाही. रविवारी ती धडकते, सोमवारी तिला दुसरी बॉडी, पुढच्या महिन्यात तिसरं इंजिन, वर्षभरात नवा मालक आणि नवा रंग. म्हणून नीट करणाऱ्याला आधी एक दिवस निवडावा लागतो. ही गाडी कुठल्या दिवशी जशी होती तशी करायची? मग त्या दिवसाचे फोटो शोधायचे, फोटोतले बोल्ट मोजायचे, रंगाचे थर एकेक घासून तळाचा रंग गाठायचा, इंजिनवरचा आणि चॅसिसवरचा नंबर ताडून पाहायचा. जुन्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये पांढरा धातू वितळवून हातानं ओतायचा. हे सगळं करून गाडी पूर्ण झाली की ती चालवायची नाही. दोरी लावून ठेवायची आणि बघायला तिकीट.

सकाळी मी मिस्त्रींना हे सगळं समजावलं. पांढरा धातू ओतायचं ऐकून ते म्हणाले, “मह्या बापानं ओतलाय की. आता ते कुणाला येतं?” मग हातातला पाना खाली ठेवून त्यांनी विचारलं, “सर, तुम्हाला कवाची जीप पायजे?”

मला सांगता येईना. लिलावातून आली त्या दिवसाची? ती मी पाहिलीच नाही. जनरलवाली? ती तर अण्णांनी केली होती. गिरणीची? म्हणजे एक चाक कायम जॅकवर. आमच्या लग्नाच्या वरातीची म्हणावं, तर त्या दिवशी ती नदीच्या उतारावर बंद पडली होती आणि मुंडावळ्या सावरत मीच ढकलली होती.

मग आम्ही मूळ किती उरलंय याची यादी करायला बसलो. इंजिन डिझेलचं; पेट्रोल महाग झाल्यावर अण्णांनी ट्रॅक्टरच्या जातीचं बसवलं होतं. स्टिअरिंग एका ॲम्बेसिडरचं. उजवा दिवा मोटारसायकलचा, डावा नाही. मागची बाकं शाळेतली. (याचा खुलासा इथं करत नाही, शाळेत त्या वेळी मीच मुख्याध्यापक होतो.) पुढची जाळी तेवढी मूळ म्हणावी, तर तिच्यातही घोळ. लष्करी जीपच्या जाळीला नऊ फटी असतात. युद्धानंतर नागरी बाजारात आलेल्या जीपला सात. आमच्या जीपला आठ. एक फट मिस्त्रींच्या वडिलांनी कधीतरी वेल्डिंगनं बुजवली होती. कशासाठी, ते त्यांच्याबरोबर गेलं.

तसं पाहिलं तर आपल्या देशात जीपची सुरुवातच एक पार्ट बदलून झाली. १९४५ साली कंपनी निघाली ती महिंद्रा अँड मोहम्मद. १९४७मध्ये मुंबईत विलीज जोडायला सुरुवात झाली, तेवढ्यात फाळणी. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरल. १९४८मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. पार्ट बदलला, आद्याक्षरं तीच राहिली. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत, बोर्डाला हात न लावता काम भागलं.

भाच्यानं दरम्यान आणखी एक पिल्लू सोडलं. “मामा, ती व्हिंटेज म्हणून रजिस्टर करून घ्या!” मी नियम काढले. २०२१पासून केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ही सोय केली आहे. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट एकच, गाडी मूळ स्वरूपात हवी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नको. इथंच आमची आठवी फट आडवी आली. तरी मी पुढचं मिस्त्रींना वाचून दाखवलं, की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी बाहेर काढायची.

“मंग आत्ता दुसरं काय करती ती?” मिस्त्री म्हणाले. “वीस हजार काहून भरायचे?”

चहाच्या टपरीवर हा विषय पोचायला वेळ लागला नाही. “अमेरिकन गाडीचा नाद मराठी माणसाला झेपत नाही,” असं एकानं ठणकावलं. मला राहवेना. म्हटलं, आपले होळकर विसरलात का? इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे. त्यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेतली. फ्रेड आणि ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे मुळात शर्यतीचे लोक. १९२१मध्ये त्यांच्या गाडीनं फ्रान्समध्ये जाऊन तिथली ग्राँ प्री जिंकली, आणि हॅरूनच्या त्याच विटांवर १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा बाजी मारली. महाराजांच्या गाडीचं मॉडेल एसजे, ताकद ३२० घोड्यांची. वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून, रंग केशरी आणि काळा. कंपनी १९३७मध्ये बुडाली, गाडी पुढं अमेरिकेत परत गेली आणि आता तिचं नाव घेताना तिकडचे शौकीन आवाज खाली आणतात.

“सीटा किती?” टपरीवाल्यानं विचारलं.

“दोन.”

“इतक्या लांब गाडीत?”

टपरी गप्प झाली. आमच्या जीपमध्ये लग्नसराईत ड्रायव्हर सोडून सतरा माणसं, दोन ट्रंका आणि एक रुखवताचं कपाट जात असे. मराठी माणसानं ३२० घोडे जुंपून दोघांनीच जायचं, हे टपरीला पटलं नाही. राजघराणं म्हणून माफ केलं, एवढंच.

शेवटी मिस्त्रींनी दिवस निवडायचा प्रश्न त्यांच्या पद्धतीनं सोडवला. जे हलतंय ते घट्ट केलं, जे घट्ट बसलंय ते हलवलं. पाट्याला नवं पान घातलं, डिझेलची नळी बदलली, गंजाची भोकं लांबी भरून बुजवली आणि वरून रंग मारला. रंग पिवळा. “गांधीलमाशी करून टाकू सर,” म्हणाले. खरं कारण असं की कुणाच्या तरी स्कूल व्हॅनचा डबा अर्धा शिल्लक होता. तो बॉनेट आणि डाव्या दरवाजापर्यंत पुरला. उजवी बाजू अजून अण्णांच्या काळातली आहे.

आरशाचा आग्रह मात्र माझा. हॅरूनसारखा, समोर, दांड्यांवर. मिस्त्रींनी नाखुशीनं शेजारच्या सलूनमधून तडकलेला एक आणला आणि सायकलच्या स्पोकांवर उभा केला. मग मी स्टिअरिंगवर, मिस्त्री मागच्या पायरीवर, आणि दहा-बारा पोरं ढकलायला. दुसऱ्या धक्क्याला इंजिन लागलं. काळ्या धुराचा असा लोट उठला की टपरी दिसेनाशी झाली. पोरं ओरडली, कुत्री पळाली आणि मी चक्क तिसऱ्या गिअरमध्ये उसाच्या फडांकडं निघालो. रस्त्यावर अलीकडंच खडी टाकली आहे, डांबर यायचं आहे. विटांपेक्षा वाईट. आरसा असा थरथरत होता की त्यात एकाच वेळी चार कडुलिंब, दोन आकाशं आणि माझे सहा कान दिसत होते. हॅरून खोटं बोलला नव्हता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होतो.

“मिस्त्री, मागं काय?” मी ओरडलो.

उत्तर नाही.

“मिस्त्री, येऊ द्या का, चालू द्या का, काही तरी बोला!”

गाडीचा आवाज वाढला होता. मला वाटलं, वेग वाढलाय. पुढच्या वळणावर एक म्हातारी शेरडं घेऊन उभी होती. तिनं काठी उगारून मागं दाखवलं. ब्रेक मारला, ते दोन शेतं ओलांडून लागले, आणि वळून पाहिलं. अर्धा किलोमीटर मागून मिस्त्री पळत येत होते. एका हातात सायलेन्सर, दुसऱ्या हातात मडगार्ड. जवळ येऊन दोन्ही वस्तू त्यांनी मागच्या बाकावर ठेवल्या, कमरेवर हात ठेवून दम खाल्ला, समोर येऊन आरशात बघून केस सारखे केले आणि मग तो स्पोकांसकट उपटून बांधात फेकला.

“चला सर,” पायरीवर चढत ते म्हणाले. “चालू द्या.”